रेग्युलेटरची पीजीएफबी पिन ग्राउंडला जोडली आणि ३.३ व्होल्टच्या जागी ४.७५ आले: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुणे परिसरातली, हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढीच माणसं असलेली एक डिझाइन टीम. पंप आणि मोटारींच्या बेअरिंगची कंपनं नोंदवणारा, बॅटरीवर चालणारा लॉगर ते बनवत होते. ओळख पटू नये म्हणून उत्पादनाचे काही तपशील बदलले आहेत, सर्किट मात्र जसं होतं तसंच दिलं आहे. बाहेरचा रिव्ह्यूअर म्हणून मी या प्रकरणात उशिरा आलो, तोवर बरीच शोधाशोध होऊन गेली होती.

लॉगर दर काही मिनिटांनी जागा होतो, थोडा वेळ कंपनं नोंदवतो आणि पुन्हा झोपतो. आत २४ बिटांचा एडीसी, म्हणजे ॲनालॉग संकेताचे आकडे करणारी चिप, आहे. तो पुरवठ्यातला नॉइज सहन करत नाही, म्हणून ॲनालॉग भागासाठी एलटी३०४५ हा रेग्युलेटर, म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप, निवडला होता. मूळचा लिनिअर टेक्नॉलॉजीचा हा भाग ती कंपनी २०१७मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसने घेतल्यापासून त्यांच्या यादीत आहे. ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देतो आणि १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट आरएमएस. निवडीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

त्याची रचना नेहमीच्या ॲडजस्टेबल रेग्युलेटरपेक्षा वेगळी आहे. सेट या पिनेतून नेमका १०० मायक्रोअँपिअर प्रवाह बाहेर येतो. त्या पिनेवर ग्राउंडकडे जो रेझिस्टर लावाल त्यावर पडणारं व्होल्टेज हेच आउटपुट. इथे ३३.२ किलोओहम लावला होता, म्हणजे ३.३२ व्होल्ट. नॉइज कमी राहावा म्हणून त्याला समांतर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इनपुटला बोर्डवरच्याच स्विचिंग कन्व्हर्टरचे ५ व्होल्ट.

याशिवाय त्या आयसीला चार सुविधा-पिना आहेत. ईएन/यूव्हीने रेग्युलेटर चालू-बंद करता येतो. आयलिमवर रेझिस्टर लावून प्रवाहाची मर्यादा ठरवता येते. पीजी ही ओपन कलेक्टर (स्वतः फक्त ग्राउंडकडे ओढू शकणारी) पिन ‘आउटपुट ठीक आहे’ हे सांगते. ‘ठीक’ म्हणजे किती, हे ओळखण्यासाठी आउटपुटचा काही भाग पीजीएफबीला परत द्यायचा असतो. टीमला यातलं काहीच वापरायचं नव्हतं.

नियम कुठून आला

टीमच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ होती: न वापरलेल्या इनपुट पिना ग्राउंडला जोडा. ओळ चुकीची नाही, फक्त दुसऱ्या गावची आहे. ती आली सीमॉस लॉजिकमधून, म्हणजे डिजिटल चिपांच्या जगातून. ७४एचसी किंवा जुन्या ४००० मालिकेतल्या गेटचं इनपुट तरंगतं सोडलं तर ते मधल्याच कुठल्या तरी व्होल्टेजवर रेंगाळतं, आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतात आणि चिप विनाकारण प्रवाह खाते. न वापरलेलं गेट असेल तर इनपुट ग्राउंडला बांधा नाहीतर पुरवठ्याला, काही फरक पडत नाही, फक्त तरंगतं ठेवू नका. ट्रॅक काढायला ग्राउंड सोपं, म्हणून ग्राउंड.

रेग्युलेटरच्या बाबतीत हा ‘काही फरक पडत नाही’ लागू होत नाही. इथे पिन ग्राउंडला जोडणं म्हणजे एक सेटिंग देणं.

स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या ड्रॉइंगमध्ये, ईएन/यूव्ही इनपुटला जोडली होती, कारण ती ग्राउंडला नेली तर रेग्युलेटर सुरूच होणार नाही हे उघड होतं. उरलेल्या तिन्ही पिना ग्राउंडला गेल्या. आयलिमसाठी ते अगदी बरोबर: मर्यादा ठरवायची नसेल तर आयलिम ग्राउंडला जोडा, असंच डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) सांगतं. पीजी मोकळी सोडायची असते, पण ओपन कलेक्टरची पिन ग्राउंडला बांधल्याने इथे नुकसान नव्हतं. राहिली पीजीएफबी.

पहिला निर्णयाचा क्षण इथेच होता आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. ड्रॉइंग काढणाऱ्या इंजिनीअरने सुरुवातीला पीजीएफबी रिकामीच ठेवली होती. नियम-तपासणी चालवल्यावर सॉफ्टवेअरने इशारा दिला: इनपुट पिन जोडलेली नाही. तिने चेकलिस्ट पाहिली, पिन ग्राउंडला नेली, इशारा गेला. रिव्ह्यूमध्ये शून्य इशाऱ्यांची शीट सगळ्यांसमोर आली. पिन कशाला तरी जोडली आहे की नाही एवढंच सॉफ्टवेअरला कळतं. योग्य ठिकाणी जोडली आहे का, हे विचारण्याची सोयच त्यात नाही. म्हणून तो इशारा मिटवण्याआधी डेटाशीटचं पान उघडायला हवं होतं. मी या टीमपुरतं बोलत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

अडचण

बोर्ड भरून आले. फर्मवेअर चढलं, एडीसी बोलू लागला, नमुने येऊ लागले. तक्रार एकच: इनपुट शॉर्ट करून पाहिल्यावर नॉइज अपेक्षेच्या कित्येक पट.

नॉइजची तक्रार आली की सगळ्यांची नजर आधी स्विचिंग कन्व्हर्टरकडे जाते. इथेही तेच झालं. फेराइट बीड (ओळीतला वेगवान नॉइज अडवणारे छोटे भाग) बदलून झाले, कन्व्हर्टरच्या आउटपुटला कपॅसिटर वाढवले, ग्राउंडच्या मांडणीवर वाद झाले. थोडा फरक पडायचा, त्यामुळे दिशा बरोबर आहे असं वाटत राहायचं. पुरवठ्याचं साधं डीसी व्होल्टेज मात्र कोणी मोजलं नव्हतं. एक तर टेस्ट पॉइंट शील्डच्या पत्र्याखाली होता आणि पत्रा सोल्डर केलेला. दुसरं म्हणजे एडीसी काम करत होता. चालत्या गोष्टीचा पुरवठा कोण तपासतो?

मग एका बोर्डवरचा क्लॉक ऑसिलेटर, म्हणजे चिपांना ठोके देणारा भाग, बंद पडला. त्याला बोट लावलं तर चटका बसला. तेव्हा कुठे पत्रा काढला गेला आणि मल्टिमीटरने ३.३च्या ओळीवर ४.७५ व्होल्ट दाखवले.

नॉइजचं कोडं तिथेच सुटलं, ४.७५ का आले हे अजून सापडायचं असलं तरी. या रेग्युलेटरचा ड्रॉपआउट, म्हणजे इनपुट आणि आउटपुटमध्ये त्याला लागणारा किमान फरक, पाव व्होल्टच्या आसपास आहे. पाच व्होल्ट आत आणि पावणेपाच बाहेर, म्हणजे तो ड्रॉपआउटच्या काठावर बसला होता. त्या अवस्थेत रेग्युलेटर गाळणी राहत नाही, इनपुटवरचा रिपल (व्होल्टेजचा बारीक चढउतार) जवळजवळ तसाच पुढे जातो. कन्व्हर्टरकडे काही केलं की थोडा फरक पडायचा तो त्यामुळेच.

कारणाचा शोध

४.७५ व्होल्ट का? पहिला संशय रेझिस्टरवर. पॉवर बंद करून मोजला, ३३.२ किलोओहमच निघाला. दुसरा संशय आयसी बनावट असल्याचा. हल्ली काही जुळलं नाही की हा संशय येतोच, पण माल अधिकृत वितरकाकडून घेतलेला होता आणि सगळे बोर्ड एकसारखे वागत होते.

तिसरा संशय जास्त विचारपूर्वक आला होता. ४.७५ व्होल्ट ३३.२ किलोओहमवर म्हणजे सुमारे १४३ मायक्रोअँपिअर. हवेत १००. मग वरचे ४३ मायक्रोअँपिअर कुठून तरी सेट पिनेत झिरपत असणार. सेट पिनेवर गळती होऊ देऊ नका, बोर्ड स्वच्छ ठेवा, असं डेटाशीटही बजावतं. फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगला वापरलेल्या रसायनाचा, अंश राहिला असेल म्हणून बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासून धुतले. आकडा हलला नाही.

मला विचारलं गेलं ते याच टप्प्यावर. फ्लक्सचं अनुमान आकड्यांवर घासून पाहिलं की टिकत नाही. ५ व्होल्टच्या ओळीतून पाव व्होल्टच्या फरकावर ४३ मायक्रोअँपिअर यायचे तर मधला रोध पाच-सहा किलोओहम हवा. फ्लक्सची गळती मेगाओहममध्ये मोजतात. तरी तर्कावर न थांबता एक प्रयोग करायचं ठरलं.

आधी लोडकडे जाणारा फेराइट बीड उपसला, म्हणजे पुढचं काही जळायला नको. मग सेटच्या रेझिस्टरला समांतर १ किलोओहम टाकला. आता एकूण रोध ०.९७ किलोओहम. रेग्युलेटर निरोगी असेल, १०० मायक्रोअँपिअरच देत असेल, तर आउटपुट ०.१ व्होल्टच्या खाली जायला हवं. पाच-सहा किलोओहमची गळती असेल तर ०.८ व्होल्टच्या आसपास. मीटरने दाखवलं १.९ व्होल्टपेक्षा थोडं जास्त.

१.९४ भागिले ०.९७ किलोओहम. दोन मिलिअँपिअर.

एवढा गोल आकडा गळतीतून येत नाही, तो कोणीतरी मुद्दाम चिपमध्ये ठेवलेला असतो. डेटाशीटमध्ये दोन मिलिअँपिअर शोधायला फार वेळ लागला नाही. सेटवर मोठा कपॅसिटर लावला की तो १०० मायक्रोअँपिअरने भरायला फार वेळ लागतो. म्हणून चिपमध्ये जलद सुरुवातीची सोय आहे: सुरू होताना सेटचा प्रवाह साधारण २ मिलिअँपिअर होतो आणि आउटपुट तयार झालं की परत १०० मायक्रोअँपिअरवर येतो. आउटपुट तयार झालं हे चिप ओळखते पीजीएफबीवरून. त्या पिनेवर ३०० मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तोवर जलद सुरुवात चालू. ड्रॉपआउट, प्रवाहमर्यादा किंवा अतिउष्णता आली तर तेवढ्यापुरती ती थांबते.

पीजीएफबी ग्राउंडला बांधलेली होती. म्हणजे चिपच्या दृष्टीने आउटपुट कधी तयारच होत नव्हतं. २ मिलिअँपिअर ३३.२ किलोओहमवर म्हणजे कागदावर ६६ व्होल्ट. ती बिचारी वर वर ढकलत राहायची आणि ड्रॉपआउटच्या काठावर जाऊन अडायची. सेटमधून १४३ मायक्रोअँपिअर वाहताहेत असं दिसत होतं ते यामुळे. तो आकडा ओहमच्या नियमाने बरोबर होता, फक्त तो कारण नव्हता, परिणाम होता.

न वापरायची असेल तर पीजीएफबी इनपुटला जोडा, किंवा आउटपुट ३०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर आउटपुटला. डेटाशीट हे सरळ सांगतं, पण जलद सुरुवातीच्या परिच्छेदात आणि पिनांच्या वर्णनात. टीमने पाहिलं होतं ते पहिल्या पानावरचं नमुना सर्किट.

पर्याय

भरलेल्या बोर्डांचं काय आणि पुढच्या आवृत्तीत काय, हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि ते वेगळे ठेवण्यावर मी जोर दिला.

भरलेल्या बोर्डांवर पीजीएफबी इनपुटला न्यायची, एवढा एकच शहाणा मार्ग होता. पण त्याची किंमत होती. जलद सुरुवात बंद झाली की आउटपुट ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले २.३ एवढा वेळ लागतो. ३३.२ किलोओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडला तो सुमारे ३६० मिलिसेकंद भरतो. जलद सुरुवातीसह हेच काम ८ मिलिसेकंदांत होतं. जो लॉगर दर काही मिनिटांनी जागा होतो, त्याला हा फरक बॅटरीतून मोजावा लागतो.

सेटचा कपॅसिटर दहापट लहान करावा, अशी सूचना आली. वेळ ३६ मिलिसेकंदांवर आला असता, पण कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज वाढला असता. मंद फिरणाऱ्या पंपांची कंपनं नेमकी तिथेच असतात. म्हणजे ज्यासाठी हा महाग रेग्युलेटर घेतला तेच गमवायचं. ती सूचना मागे पडली.

कोणीतरी असंही म्हणालं, ‘सर, सरळ तीन पायांचा रेग्युलेटर टाकूया ना, पिनांची कटकटच नको.’ वैतागातून आलेली सूचना होती, तरी ती हसण्यावारी नेऊ नये. नॉइजची गरज नसती तर मीही तेच सुचवलं असतं. जी सुविधा लागत नाही तिची पिनच नसलेला भाग निवडणं हा उत्तम पर्याय असतो. इथे गरज होती.

पुढच्या आवृत्तीसाठी पीजीएफबीचा खरा उपयोग करून घ्यायचं ठरलं. आउटपुटपासून ४४२ किलोओहम आणि ४९.९ किलोओहमचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेजचा ठरावीक भाग काढून देणारी रेझिस्टरांची जोडी) पीजीएफबीला दिला की आउटपुट २.९६ व्होल्टला, म्हणजे साधारण ९० टक्क्यांना, पिनेवर ३०० मिलिव्होल्ट येतात. दोन स्वस्त रेझिस्टरांत जलद सुरुवात मिळते आणि पीजीचा संकेतही. जी पिन नको म्हणून बांधून टाकली होती तिचीच या उत्पादनाला सगळ्यात जास्त गरज होती. हे आधी कळायला सुविधांची यादी बॅटरीच्या हिशेबाशेजारी ठेवून वाचायला हवी होती.

काय केलं

दुरुस्तीत पॅकेजने साथ दिली. पीजीएफबीचा ट्रॅक आयसीच्या पोटाखालच्या ग्राउंड पॅडमध्ये गेला होता, वरून कापायला जागाच नव्हती. नशिबाने पॅकेज एमएसओपी होतं, त्याला बाहेर पाय असतात. बारीक बिटाने पाय गरम करायचा, सुईच्या टोकाने केसभर उचलायचा, खाली कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेटिंग टेपचा) तुकडा सरकवायचा आणि उचललेल्या पायापासून इनपुट कपॅसिटरपर्यंत इनॅमलची तार. पाय दोनदा वाकवला तर तुटतो, म्हणून एकदाच. बिनपायांचं डीएफएन असतं तर आयसी उतरवल्याशिवाय काही करता आलं नसतं. पहिल्या आवृत्तीसाठी पायांचं पॅकेज घ्यावं हा माझा जुना हट्ट आहे, इथे तो आपोआप पाळला गेला होता.

पीजीएफबी इनपुटला जोडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इनपुट उलट जोडलं जाण्याची शक्यता असेल तर मध्ये १एन४१४८ डायोड हवा, ॲनोड इनपुटकडे. इथे इनपुट बोर्डवरच्याच कन्व्हर्टरचं होतं, म्हणून डायोड टाकला नाही.

चर्चा खरी रंगली ती पुढच्या मुद्द्यावर: दिवसचे दिवस ४.७५ व्होल्ट सोसलेल्या बोर्डांचं काय? एडीसीची कमाल मर्यादा त्याहून वर होती, तो सुरक्षित. ऑसिलेटर मर्यादेबाहेर चालला होता, तो बदलायलाच हवा. पण त्या ऑसिलेटरचं आउटपुट मायक्रोकंट्रोलरच्या पिनेत जात होतं आणि मायक्रोकंट्रोलर वेगळ्या ३.३ व्होल्टवर होता. म्हणजे त्या पिनेचा संरक्षक डायोड इतके दिवस प्रवाह वाहत होता. बोर्ड चालत होते, मोजमापात काही दिसत नव्हतं. विक्री पाहणाऱ्यांचं म्हणणं, ऑसिलेटर बदलून ग्राहकाला चाचणीसाठी पाठवू. माझं मत विरुद्ध होतं आणि ते मानलं गेलं. असे बोर्ड फर्मवेअरच्या टेबलावर ठेवावेत, पंपावर नाही. ग्राहकाकडे गेले ते नंतर नव्याने भरलेले, पाय उचलून आणि मीटर लावून तपासलेले.

परिणाम आणि वेगळं काय करता आलं असतं

पुरवठा ३.३ व्होल्टवर आल्यावर शॉर्ट इनपुटचा नॉइज एडीसीच्या आकड्यांच्या जवळ गेला. वाढवलेले कपॅसिटर काढून टाकले तरी फरक पडला नाही.

पहिल्यांदा पॉवर देताना लोडचा फेराइट बीड न बसवता पुरवठा मोजला असता तर दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं आणि काहीही जळलं नसतं. हे मी सगळ्यात वर ठेवतो, कारण त्याला डेटाशीट नीट वाचलेली असण्याचीही गरज नाही.

चेकलिस्टची ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी काय लिहायचं यावर थोडा वाद झाला, कारण रेग्युलेटरसाठी एका ओळीचा नियम बनतच नाही. एलपी२९५१ची शटडाउन पिन वापरायची नसेल तर ग्राउंडला, कारण तिथे वरचं व्होल्टेज म्हणजे बंद. एमआयसी५२०५ची ईएन मोकळी सोडली तरी बंद, तिला वर बांधावंच लागतं. एलटी१७६३ची बायपास पिन वापरायची नसेल तर कशालाही न जोडता सोडायची. टीपीएस७ए४७००मध्ये व्होल्टेज ठरवणाऱ्या पिनांची रांगच आहे. जी ग्राउंडला जोडाल तिचं व्होल्टेज १.४मध्ये मिळवलं जातं, जी नको ती मोकळी. तिथे कोणी सगळ्या ‘न वापरलेल्या’ पिना ग्राउंडला बांधल्या तर आउटपुटचं लक्ष्य २०.५ व्होल्ट होतं. एनसी (नो कनेक्ट) आणि डीएनसी (डू नॉट कनेक्ट) हेही एक नव्हे. एनसीला आत सहसा काही जोडलेलं नसतं, डीएनसीला असतं आणि म्हणूनच तिला हात लावायचा नसतो.

शेवटी नियमाऐवजी सवय ठरली. स्कीमॅटिकमध्ये प्रत्येक सुविधा-पिनेशेजारी ती कुठे जोडली आणि डेटाशीटच्या कोणत्या पानावरून, हे लिहायचं. रिव्ह्यू करणाऱ्याने तेच पान उघडायचं. आयसीच्या चिन्हातही पीजीएफबीशेजारी ‘न वापरल्यास इन’ (म्हणजे इनपुटला) असा मजकूर टाकला, म्हणजे पुढच्या प्रकल्पात नवीन माणसालाही दिसेल. पहिल्या बोर्डांवर शंका असलेल्या पिना शून्य ओहमच्या रेझिस्टरमधून न्यायच्या, असंही ठरलं. जागा थोडी जाते, पण सुईने पाय उचलावे लागत नाहीत.

नव्या आवृत्तीत डिव्हायडर आला, पीजी मायक्रोकंट्रोलरच्या एका मोकळ्या पिनेला गेली आणि फर्मवेअर ठरावीक वेळ थांबण्याऐवजी पीजी वर येण्याची वाट पाहू लागलं. तेच फर्मवेअर तार लावलेल्या जुन्या बोर्डांवर चढवलं तेव्हा प्रत्येक नोंदीचा सुरुवातीचा भाग कचरा येऊ लागला. जुन्या बोर्डांवर मायक्रोकंट्रोलरची ती पिन कशालाच जोडलेली नव्हती. आतल्या पुल-अपमुळे (पिनेला वर ओढून ठेवणाऱ्या रेझिस्टरमुळे) ती कायम वर दिसायची, फर्मवेअर पुरवठा तयार आहे असं धरून लगेच मोजायला लागायचं आणि रेग्युलेटर तर अजून ३६० मिलिसेकंदांच्या वाटेवर असायचा. आता बोर्डची आवृत्ती ओळखण्यासाठी दोन पिनांवर रेझिस्टर आहेत. फर्मवेअर आधी ते वाचतं आणि जुना बोर्ड असेल तर अर्धा सेकंद थांबतं.